बर्फाच्या डब्यातली बाटली: पाण्याचं पहिलं लेबल करणाऱ्यांसाठी

हॉटेलात टेबलाशी बसलात की वेटर विचारतो, "साधं की बिसलेरी?" तुम्ही बिसलेरी म्हणता. तो जी बाटली आणून ठेवतो तिच्यावर बऱ्याचदा भलतंच नाव असतं, पण तुम्ही ते वाचत नाही. झाकण फिरवता, कट्ट आवाज येतो, पाणी पिता. पाण्याच्या धंद्यात नव्याने उतरलेल्या माणसाने आणि पाण्याचं पहिलंच लेबल हातात आलेल्या डिझायनरने हा प्रसंग डोळ्यांसमोर ठेवावा. बाटलीतल्या मालाला रंग नाही, वास नाही, आणि चवीतला फरक डोळे मिटून सांगणारे फार थोडे. तरी गिऱ्हाईक क्षणभर थांबतं आणि ठरवतं, हे पाणी प्यायला हरकत नाही. ते ठरतं प्लास्टिकवर, झाकणावर आणि पाच-सहा सेंटीमीटरच्या पट्टीवर.

मी गेली बारा-तेरा वर्षं लेबलं करतो. मसाले, पापड, फिनेल आणि सगळ्यात जास्त पाणी. होळी झाली की फोन सुरू होतात: "दादा, प्लांट टाकलाय, लेबल पाहिजे, परवापर्यंत." त्यांना जे दर वेळी तोंडी सांगतो ते इथे लिहून ठेवतोय.

पायरी १: कॉम्प्युटर उघडू नका, आधी विकण्याची जागा बघून या

माझं पहिलं पाण्याचं लेबल गडद निळं होतं, त्यावर चंदेरी अक्षरं. स्क्रीनवर अत्तराच्या बाटलीसारखं दिसत होतं. मालक खूश, मीही खूश. माल बाजारात गेल्यावर तालुक्याच्या एसटी स्टँडवर मुद्दाम बघायला गेलो. दुकानदाराकडे थर्माकोलचा मोठा डबा, त्यात बर्फाचं पाणी, आणि पाण्यात मानेपर्यंत बुडालेल्या तीस-चाळीस बाटल्या. दिसत काय होतं? झाकणं. पाच कंपन्यांच्या बाटल्या आणि सगळी झाकणं निळी. गाडी सुटायच्या घाईत बाई म्हणाल्या, "थंड पाणी द्या," दुकानदाराने न बघता हात घातला आणि लागली ती बाटली दिली. ज्या लेबलवर मी आठ दिवस घालवले होते ते पाण्याखाली होतं.

तेव्हापासून मालकाला माझा पहिला प्रश्न एकच असतो: बाटली कुठे उभी राहणार आहे? स्टँडवरच्या डब्यात असेल तर झाकण आणि खांदा हेच तुमचं दुकान. काचेच्या फ्रिजमध्ये असेल तर लेबलचा समोरचा भाग दिसतो, पण दुकानदार बाटली सरळ लावेलच असं नाही. हायवेवरच्या ढाब्याबाहेर बाटल्या दिसतच नाहीत, बारा बाटल्यांचे श्रिंक केलेले, म्हणजे प्लास्टिकच्या आवरणात आवळलेले, बॉक्स थप्पीने उभे असतात. मंगल कार्यालयात पाव लिटरच्या दोनशे बाटल्या एका टेबलावर ओळीने मांडलेल्या असतात, तिथे एका बाटलीपेक्षा सगळी रांग कशी दिसते ते महत्त्वाचं. आणि ऑफिसच्या मीटिंगमध्ये ती बाटली तासभर माणसासमोर असते. फुरसतीने वाचली जाणारी ती एकच जागा.

एक पूर्ण दिवस फिरा. फोटो काढा, पण दुकानदाराच्या बाजूने नाही, गिऱ्हाईक जिथे उभं असतं तिथून काढा.

पायरी २: बाटली हातात धरून ठरवा

छोट्या प्लांटवाल्याकडे स्वतःचा साचा करण्याइतके पैसे सहसा नसतात. बाजारात तयार साचे असतात, प्रीफॉर्म म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या जाड नळ्या विकत आणायच्या, तापवून फुगवायच्या, झाली बाटली. त्यामुळे आकारात फार निवड नाही असं लोक समजतात. पण निवड असते. चार-पाच साच्यांचे नमुने आणा, पाणी भरा आणि घरातल्या माणसांच्या हातात द्या.

बाटलीच्या अंगावरच्या आडव्या वळ्या शोभेच्या नसतात. प्लास्टिक पातळ असलं तरी बाटली उभी राहावी, बॉक्सवर बॉक्स चढला तरी बसू नये, म्हणून त्या असतात. प्रीफॉर्मचं वजन कमी केलं की प्रत्येक बाटलीमागे पैसे वाचतात आणि प्लास्टिकही कमी लागतं, ही चांगलीच गोष्ट. पण एका मर्यादेखाली गेलात की झाकण उघडताना बाटली हातात दबते आणि पाणी उडून थेट शर्टावर. त्या माणसाच्या मनात तुमचं पाणीही हलकं ठरतं. ही नुसती माझी समजूत नाही. अराधना कृष्णा आणि मॉरीन मॉरिन या दोन संशोधकांनी २००८ साली पेल्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. पाणी तेच, पण लगेच दबणाऱ्या पातळ पेल्यातलं लोकांना कमी दर्जाचं वाटलं. म्हणून वजन कमी करायचंच असेल तर वळ्या नीट असलेला साचा घ्या आणि पकडायची कंबर मजबूत ठेवा. मोठे प्लांट भरताना द्रव नायट्रोजनचा एक थेंब सोडतात. त्याचा वायू होऊन बाटली आतून ताठ राहते. छोट्यांना ते यंत्र परवडत नाही.

लेबलची जागा बाटलीत किंचित आत दबलेली हवी. बाटल्या टेम्पोत एकमेकींवर घासतात, ती जागा वर आलेली असेल तर दोनशे किलोमीटरच्या प्रवासात छपाई खरवडून निघते.

आकारावरून ब्रँड ओळखला जातो याचं जुनं उदाहरण फ्रान्समधलं पेरिए हे बाटलीबंद पाणी. त्यांची हिरवी, खाली गरगरीत आणि वर निमुळती बाटली आपल्याला ओळखीची का वाटते माहीत आहे? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेंट जॉन हार्म्सवर्थ नावाच्या इंग्रजाने तो झरा विकत घेतला. मोटारीच्या अपघातानंतर तो व्यायामाला 'इंडियन क्लब' फिरवत असे, आणि त्याच आकारावरून त्याने बाटली घडवली. म्हणजे आपल्या तालमीत घुमवतात ती जोडी. कोल्हापूरच्या एका प्लांटवाल्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग आपण गदेची काढू." काढली नाही. गदेच्या डोक्याच्या बाटल्या बॉक्समध्ये निम्म्याच बसल्या असत्या.

त्याउलट फिजी वॉटरची बाटली चौकोनी. चौकोनी बाटल्या एकमेकींना चिकटून बसतात, मधली जागा वाया जात नाही. प्रशांत महासागरातल्या बेटावरून जहाजाने माल पाठवायचा तर हे सोयीचंच. दिसायलाही वेगळी. मात्र सपाट बाजू पातळ प्लास्टिकमध्ये फुगते किंवा आत बसते, म्हणून त्या आकाराला प्लास्टिक जास्त लागतं. आपल्याकडे दहा-वीस रुपयांच्या बाटलीत तो हिशेब बसवायला जाऊ नका.

पायरी ३: झाकण

हा विषय लोक शेवटी घेतात. "झाकण कुठलंही द्या, निळं द्या." मी आता लेबलच्याही आधी झाकणाचा रंग ठरवून घेतो. कारण डब्यातली गोष्ट वर सांगितलीच.

तुमच्या भागात फिरताना काढलेल्या फोटोंमधली झाकणं मोजा. निळी, पांढरी, फिकट हिरवी सापडतील. त्यात नसलेला, पण पाण्याशी वैर नसलेला रंग घ्या. लाल झाकण लांबून दिसतं खरं, पण शीतपेयाची आठवण करून देतं. काळं झाकण महागड्या पाण्यावर चालतं, स्टँडवर लोक दचकतात. एका गिऱ्हाइकासाठी आम्ही कच्च्या कैरीचा हिरवा घेतला, तेव्हापासून दुकानदार त्याला "ती हिरव्या टोपीची" म्हणून फोनवर ऑर्डर देतात. ब्रँडचं खरं नाव त्यांना आजही धड सांगता येत नाही, आणि मालकाची त्याला काही तक्रार नाही.

झाकणाचा रंग निवडताना पुरवठादाराला विचारा, हाच रंग वर्षभर मिळेल ना? मे महिन्यात माल संपला की "आता निळंच घ्या" म्हणतात, आणि केलेली ओळख एका महिन्यात जाते.

आणि तो कट्ट आवाज. झाकणाखालची कडी पहिल्यांदा फिरवताना तुटली पाहिजे, स्पष्ट तुटली पाहिजे. रिकाम्या बाटल्या गोळा करून नळाचं पाणी भरून विकणारे आहेत हे प्रवासी लोकांना पक्कं ठाऊक असतं. बाटलीवर 'शुद्ध' शब्द पाच वेळा छापला तरी जो विश्वास बसत नाही तो त्या एका आवाजाने बसतो. कडी तुटायच्या ऐवजी झाकणाबरोबर गरगर फिरत असेल तर तो लॉट परत करा.

पायरी ४: लेबल मोजा, मग काढा

एक लिटरची साधी गोल बाटली घ्या आणि शिंप्याची टेप तिच्याभोवती गुंडाळा. व्यास ७६ मिलिमीटर असेल तर घेर भरतो साधारण २३९. चिकटवायला थोडं एकावर एक आलं की पट्टी अडीचशेच्या आसपास. स्क्रीनवर ही लांबलचक पट्टी तुम्हाला सगळी एकदम दिसते आणि तिथेच फसगत होते. नवा माणूस डावीकडे डोंगर काढतो, मधे नाव, उजवीकडे धबधबा. बाटलीवर चढल्यावर समोरून नीट वाचता येतो फक्त एक तृतीयांश, म्हणजे जेमतेम ८० मिलिमीटर. डोंगर एका गिऱ्हाइकाला, धबधबा दुसऱ्याला, आणि तिसऱ्याला नुसता बारकोड.

म्हणून नाव दोनदा घ्या, पट्टीच्या समोरासमोरच्या दोन जागी. मधल्या दोन फटींत कायद्याचा मजकूर. दुकानदाराने बाटली कशीही ठेवली तरी नावाचा बराचसा भाग समोर येतो. नाव ८० मिलिमीटरच्या आत बसलंच पाहिजे. लांबलचक नाव वळणावर अर्धं गिळलं जातं.

कागदी स्टिकर स्वस्त पडतं आणि पहिल्या महिन्यात मोह होतोच. बर्फाच्या पाण्यात तासाभरात त्याच्या कडा सुटतात, दोन तासांत लगदा होतो. गिऱ्हाइकाच्या हातात लेबल आलं आणि बाटली मागे राहिली, असंही पाहिलंय. प्लास्टिकच्या फिल्मची गुंडाळपट्टी घ्या, ज्याला सगळे 'बीओपीपी' म्हणतात. किंवा गरम हवेने आवळणारी स्लीव्ह. स्लीव्ह बाटलीच्या वळणांवर छान बसते आणि छपाईला जागा भरपूर मिळते, पण आवळताना अक्षरं कंबरेपाशी चिमटतात. डोळे असलेलं काहीही, माणूस असो की हरीण, स्लीव्हच्या निमुळत्या भागात काढू नका. भेसूर दिसतं.

आता पारदर्शक लेबलबद्दल, कारण दर दुसऱ्या मालकाला ते हवं असतं. "लेबल नसल्यासारखं दिसलं पाहिजे." छान दिसतं, मान्य. पण पारदर्शक फिल्मवर छापलेल्या रंगामागे पांढऱ्याचा थर दिला नाही तर मागचं पाणी त्यातून दिसतं आणि रंग पार उतरतो. पिवळा तर दिसतच नाही. अक्षरांखाली पांढरा हवाच. बाकी जागा पारदर्शक ठेवा.

पाणी भरलेली गोल बाटली भिंगासारखी वागते, हेही ध्यानात घ्या. घरी करून बघा: चिठ्ठीवर एक शब्द लिहून बाटलीच्या मागच्या बाजूला चिकटवा, अक्षर आतल्या बाजूला. समोरून बघितलं की तो शब्द ताणल्यासारखा, जवळजवळ दुप्पट रुंद दिसेल. आता चिठ्ठी काढून हातभर मागे धरा. डावं-उजवं उलटं झालेलं असेल. लेबलच्या आतल्या बाजूला पान, फूल, मासा छापला तर तो पाण्यात तरंगतोय असं वाटतं ते यामुळेच. फिजीच्या बाटलीत समोरच्या खिडकीतून मागचं चित्र दिसतं ना, आतल्या बाजूला छापायची तीच युक्ती. करायचं असेल तर चित्र आडवं निम्म्याने आवळून काढा, बाटली ते परत ताणून देते. आमच्या एका लेबलवर कमळ आधी न आवळता छापलं होतं. पाण्यातून ते कोबीच्या गड्ड्यासारखं दिसायचं.

पायरी ५: नाव

थोडक्यात सांगतो. दोन किंवा तीन अक्षरी, फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला कळेल असं. गंगा, अमृत, निर्मल, ॲक्वा हे शब्द वापरून वापरून इतके झिजलेत की ते नाव न ठेवल्यासारखंच. ट्रेडमार्कच्या ३२ व्या वर्गात पाणी येतं, तिथे शोध घेतल्याशिवाय छपाईचे सिलेंडर बनवायला टाकू नका.

नावाजलेल्या ब्रँडचं एक अक्षर बदलून, तोच रंग घेऊन माल काढायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. बिसलेरीच्या नावाची तर इतकी भावंडं हायवेवर उभी असतात की कंपनीने त्यावर जाहिरात काढली, प्रत्येक पाण्याची बाटली बिसलेरी नसते अशी. कायद्याची भीती आहेच. पण धंद्याच्या बाजूनेही ती चाल मूर्खपणाची आहे: गिऱ्हाइकाला पाणी आवडलं तरी पुढच्या वेळी ते मूळ नावच मागणार.

पायरी ६: रंग आणि चित्र

निळा रंग पाण्याला बसतो यात वाद नाही. अडचण अशी की तो सगळ्यांनाच बसतो. १९६५ मध्ये मुंबईत काचेच्या बाटलीतून आलेली आणि १९६९ मध्ये पार्लेने घेतलेली बिसलेरीसुद्धा बरीच वर्षं निळ्या लेबलात होती. निळ्यांची गर्दी झाली तेव्हा, २००६ च्या सुमारास, त्यांनी हिरवट समुद्री रंग घेतला. एवढ्या मोठ्या नावालाही फ्रिजमध्ये वेगळं दिसण्यासाठी रंग सोडावा लागला, मग तुमची-माझी काय कथा. निळा ठेवायचाच असेल तर एकच निळा आणि भरपूर पांढरा. तीन छटांचे निळे, वर लाटा, वर थेंब, थेंबावर चमक हे सगळं पाच फुटांवरून एकच धुरकट पट्टा दिसतं.

ओल्या बाटलीवर बाहेरून दव धरतं. त्या दवाखाली बारीक नक्षी, पातळ रेषा, फिकट करडी अक्षरं सगळी पुसल्यासारखी होतात. जाड आकार टिकतात.

डोंगराबद्दल मात्र जरा सविस्तर बोलतो. "बर्फाचा डोंगर टाका" ही पाण्याच्या लेबलची सत्यनारायणाची पूजा आहे. त्याशिवाय धंदा सुरू होत नाही असं वाटतं. पाणी बोअरचं, प्लांट एमआयडीसीत, आणि लेबलवर हिमालय. नियमात स्पष्ट आहे की पाण्याचं स्वरूप, उगम किंवा गुणधर्म यांबद्दल गैरसमज होईल असं विधान किंवा चित्र चालत नाही. फ्रान्सच्या एवियाँ पाण्याने आल्प्स दाखवला तर ते पाणी खरंच आल्प्सच्या पायथ्याचं आहे. टाटांचं 'हिमालयन' हिमाचलमधल्या सिरमौरचं आहे. तुमचं जिथलं आहे तिथलं काही दाखवा, नाहीतर काहीच दाखवू नका. अमेरिकेत डोंगराची खूण मिरवणाऱ्या अ‍ॅक्वाफिना या पाण्याला २००७ मध्ये, हे पाणी सार्वजनिक पुरवठ्याचं आहे, असं लेबलवर लिहायची तयारी दाखवावी लागली. ब्रिटनमध्ये २००४ साली डासानी नावाचं बाटलीबंद पाणी आलं, ते लंडनजवळच्या सिडकपचं शुद्ध केलेलं नळाचं पाणी आहे हे कळल्यावर वर्तमानपत्रांनी टर उडवली, त्यात ब्रोमेट या घातक रसायनाचं प्रमाण जास्त निघालं आणि माल परत घ्यावा लागला. नळाचं पाणी शुद्ध करून विकण्यात गैर काही नाही. ते लपवल्यासारखं दिसलं की मात्र माणूस बिथरतो.

डोंगर, थेंब, झरा यांतलं काहीच न घेता पाणी विकता येतं का? अमेरिकेत २०१९ पासून लिक्विड डेथ नावाचं पाणी कवटीचं चित्र असलेल्या उंच कॅनमधून विकलं जातंय, बिअरसारखं. गाण्याच्या कार्यक्रमात हातात पाण्याची बाटली धरायला लाजणाऱ्या पोरांसाठी ती युक्ती चालली. आपल्या वरातीत चालेलही कदाचित. देवस्थानाच्या रस्त्यावर नको.

पायरी ७: कायद्याचा मजकूर आधी बसवा

डिझाइन झाल्यावर उरलेल्या फटीत हा मजकूर कोंबायची सवय सोडा. आधी त्याची जागा राखा, मग उरलेल्यात कला करा.

सगळ्यात पहिलं: तुमचा माल 'पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर' आहे, 'मिनरल वॉटर' नाही. नैसर्गिक मिनरल वॉटर ही वेगळी गोष्ट आहे. त्याचं मानक आयएस १३४२८ आणि आपल्या साध्या बाटलीबंद पाण्याचं आयएस १४५४३. बोलताना सगळे मिनरल म्हणतात, लेबलवर म्हणायचं नाही. आयएसआय मार्क पूर्वी सक्तीचा होता. २०२४ च्या अखेरीस अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ती सक्ती काढली, पण त्याबरोबरच हे पाणी जास्त जोखमीच्या अन्नाच्या गटात टाकलं आणि दरवर्षीचं त्रयस्थ लेखापरीक्षण आलं. नियम हलत असतात, तेव्हा छापायच्या आदल्या दिवशी तुमच्या परवान्याचं काम बघणाऱ्याकडून मजकूर तपासून त्याची सही घ्या. मी सहीशिवाय फाइल पुढे पाठवत नाही.

परवान्याचा चौदा आकडी क्रमांक, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, किती मिलिलिटर, बॅच, तारीख, किती दिवसांत वापरायचं, सगळे कर धरून एमआरपी, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल हे सगळं यायलाच हवं. शिवाय युनिटचा भाव. अर्धा लिटर दहा रुपयांना असेल तर मिलिलिटरला ०.०२ रुपये असं छापायचं. हिरवा ठिपका पाण्याला लागत नाही; तरी दर तिसरा मालक विचारतो, "व्हेजचं चिन्ह राहिलं का?"

एमआरपी, बॅच आणि तारीख मूळ छपाईत घेऊ नका, इंकजेटने मारा. मोठ्या छपाईत एकेका रंगाचा वेगळा सिलेंडर असतो आणि एक आकडा बदलला तरी तो सिलेंडर नव्याने करावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ ला पाण्यावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, रेल नीरची लिटरची बाटली १५ ची १४ रुपयांना झाली. ज्यांनी लेबलवरच भाव छापून ठेवला होता त्यातले माझ्या ओळखीचे एक गृहस्थ दिवाळीपर्यंत स्टिकर चिकटवत बसले होते. इंकजेट मारताना बाटली कोरडी असली पाहिजे. भरणीनंतर अंगावर राहिलेल्या थेंबांवर मारलेली तारीख बोटाने पुसली जाते, आणि तारीख नसलेली बाटली कुठल्याच डिझाइनने वाचत नाही.

पायरी ८: मराठी लिहायचं तर नीट लिहा

मराठीतून नाव आणि एखादी ओळ जरूर घ्या. २०१७ मध्ये बिसलेरीनेसुद्धा प्रादेशिक भाषांतली लेबलं काढली. मात्र सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत लागतो, मराठी त्याच्या जोडीला. फक्त मराठीवर भागत नाही.

निळ्यावर पांढऱ्या अक्षरात बारीक देवनागरी छापली की शाई पसरते आणि आधी बुजतात त्या गाठी: भ, ध, थ, क्ष. इंग्रजी जितक्या लहान आकारात वाचता येतं त्याच आकारात देवनागरी वाचता येत नाही, तिला वर मात्रा आणि खाली उकार धरून जास्त उंची द्यावी लागते. आणि छापखान्यात फाइल गेली की श्रीलिपी या जुन्या फॉन्टचं युनिकोड आणि युनिकोडचं आणखी काहीतरी होताना रफार उडतो, वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. अक्षरांचं आउटलाइन करूनच, म्हणजे त्यांचे चित्रासारखे आकार करूनच, फाइल द्या.

एवढं करून शेवटी 'शुद्ध' हा शब्द तपासा. निम्म्या बाटल्यांवर तो 'शुध्द' असा छापलेला असतो. द आधी, ध नंतर. पाण्याच्या लेबलवर नेमका तोच शब्द अशुद्ध असावा, याचं मला अजूनही हसू येतं.

पायरी ९: बॉक्स आणि लग्नाच्या बाटल्या

बॉक्सच्या श्रिंकवर एका रंगात नाव मोठ्ठं छापा, चारही बाजूंनी दिसेल असं. टेम्पोतून उतरताना आणि थप्पीत उभं असताना तीच तुमची फुकटची जाहिरात. यावर जास्त डोकं लावायची गरज नाही.

लग्नाच्या ऑर्डरी वेगळ्या. पाव लिटरच्या बाटलीवर नवरा-नवरीचा फोटो हवा असतो. डिजिटल छपाईवर हजार-दोन हजार लेबलं निघतात, करा. पण कायद्याचा मजकूर तिथेही तसाच ठेवावा लागतो, "घरगुती कार्य आहे" म्हणून तो काढता येत नाही. आणि यजमानांना हळूच सुचवा, फोटोऐवजी नावं घ्या. पंगत उठली की त्या बाटल्या मांडवभर पडलेल्या असतात आणि फोटोवर पाय देत पाहुणे हात धुवायला जात असतात. एका वधूपित्याचा तेव्हाचा चेहरा मी पाहिलाय.

पायरी १०: छापण्याआधी भिजवा

स्क्रीनवर मंजुरी घेऊ नका. डिजिटलवर दहा-वीस लेबलं काढा, खऱ्या बाटल्यांवर गुंडाळा, खरी झाकणं लावा. त्या बर्फाच्या पाण्यात चार तास ठेवा. बाहेर काढून ओल्या हाताने घासा. मग पाच पावलं लांब जाऊन, चष्मा असेल तर तो काढून, नाव दिसतंय का बघा. दुकानातली ट्यूबलाइट आणि दुपारचं ऊन, दोन्हींत बघा. निळा रंग दोन्हीकडे वेगळा दिसतो.

शेवटची चाचणी दुकानात. दोन बाटल्या घेऊन ओळखीच्या टपरीवाल्याकडे जा, त्याच्या डब्यात इतरांच्या बाटल्यांमध्ये बुडवा आणि बाजूला चहा पीत बसा. त्याला लेबल कसं वाटलं ते विचारू नका, तो चांगलंच आहे म्हणेल. पंधरा मिनिटांनी एवढंच म्हणा, "आमची बाटली द्या." त्याचा हात डब्यावर घुटमळला तर लेबल तसंच राहू द्या, झाकण बदला आणि उद्या परत या.